पंथाबाहेरच्या शेजारणीशी नाते चालते, मग पंथाबाहेर लग्न करणाऱ्या मुलीशी का नाही?

करावेकर (नेरूळ) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या सोसायटीत २००३ सालापासून शेजारी असलेल्या एका कुटुंबाविषयी हा प्रश्न आहे. त्या घरातली बाई माझी सर्वांत जवळची मैत्रीण आहे. आम्ही दोघीही नोकरी करणाऱ्या; त्यामुळे जिची सुट्टी असेल तिच्या घरी दोन्ही घरांची मुले जेवत, अभ्यास करत आणि दुपारी तिथेच झोपत. ते कुटुंब मूळचे कॅथलिक. सहा वर्षांपूर्वी ते एका लहान आणि अतिशय शिस्तीच्या ख्रिस्ती गटात गेले. गटाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणावर आरोप करायचा नाही, समजून घ्यायचे आहे.

तेव्हापासून ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येईनाशी झाली, गणपतीत आरतीच्या वेळी थांबेनाशी झाली, आणि प्रसाद घेणे तिने बंद केले. हे सगळे तिने समोर बसून मला सांगितले आणि मी ते मान्य केले. गेल्या वर्षी माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले, तेव्हा हीच मैत्रीण आठ दिवस सकाळी पेज आणि संध्याकाळी डबा घेऊन येत होती. म्हणजे तिच्या मनात माझ्याविषयी दुरावा आहे असे मी कधीच म्हणणार नाही.

आता मूळ अडचण. माझा मुलगा २७ वर्षांचा आहे, तिची मुलगी २५ वर्षांची. दोघांनी लग्न करायचे ठरवले आहे. मुलीने चार वर्षांपूर्वी त्या गटात बाप्तिस्मा घेतलेला आहे. मंडळीतल्या, म्हणजे त्यांच्या गटातल्या, वडीलजनांनी तिला दोन वेळा बोलावून समजावले. त्यानंतर मैत्रीण माझ्याकडे आली आणि रडत म्हणाली, "हे लग्न झाले तर तुझ्याशी माझे नाते राहील, पण माझ्या मुलीशी मला पूर्वीसारखे वागता येणार नाही."

हे वाक्य ऐकल्यापासून मला झोप नाही. मी परक्या धर्माची, तरी माझ्याशी नाते चालते. पोटची मुलगी मात्र चालत नाही, हे कसे? अशा गटांमध्ये बाहेरच्या माणसाशी मैत्री, प्रेम आणि लग्न यांकडे नेमके कसे पाहतात, हे जाणकारांनी सांगावे. आणि आई म्हणून मी आता काय करू नये, हेही सांगावे.

खोपटचा_वाचक (ठाणे)

आपल्याला जे उलटे वाटते आहे, त्याचे मूळ बायबलमध्येच स्पष्ट सापडते. पौल या प्रेषिताने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय पाहावा. तिथे तो सांगतो की दुराचारी लोकांशी संबंध ठेवू नका असे मी लिहिले ते जगातल्या लोकांविषयी नव्हते, कारण तसे करायचे तर तुम्हाला जगच सोडून जावे लागेल. मी लिहिले ते स्वतःला बंधू म्हणवून घेणाऱ्याविषयी, आणि अशा माणसाच्या पंक्तीला बसू नका. लगेच पुढे तो विचारतो की बाहेरच्यांचा न्याय करणे माझे काम आहे काय? म्हणजे या विचारात बाहेरचा माणूस निवाड्याच्या कक्षेतच येत नाही. आपण तिच्या दृष्टीने बाहेरच्या आहात, म्हणून आपल्याला डबा मिळतो. मुलगी आत आलेली आहे, तिने सर्वांसमोर वचन दिलेले आहे, म्हणून तिचे पाऊल मंडळीच्या निवाड्याखाली येते.

लग्नाचा नियमही पौलाच्याच पत्रांतून घेतला जातो. विधवेला पुन्हा लग्न करायची मोकळीक आहे, पण 'केवळ प्रभूमध्ये', असे तो पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात म्हणतो, आणि विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड जुवाखाली जाऊ नका, असे दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायात सांगतो. शेतकऱ्याला ही उपमा फोड करून सांगावी लागत नाही. एका जुवाला बैल आणि गाढव जुंपले तर नांगर सरळ चालत नाही.

मात्र सगळे कडक गट एकाच मापाने मोजू नयेत. आज अमेरिकेत राहणारे आमिश नावाचे ख्रिस्ती लोक १६९३ साली स्विस बंधुमंडळीतून वेगळे झाले, आणि त्या फुटीचे एक प्रमुख कारण हेच होते की बहिष्कृत माणसाशी व्यवहार किती तोडायचा. त्यांचा पुढारी याकोब अमान कडक बाजूचा होता. पण त्यांच्यात बाप्तिस्मा वयात आल्यावर, साधारण विशीच्या आसपास घेतात, आणि ज्याने तो घेतलाच नाही असा मुलगा गाव सोडून गेला तर त्याला वाळीत टाकत नाहीत. तो घरी येतो, जेवतो, राहतो. बाप्तिस्मा घेऊन मग बाहेर लग्न केले, तर मात्र बहिष्कार ठरलेला. यहोवाचे साक्षीदार नावाच्या गटामध्ये गटाबाहेर लग्न करणे गंभीर अवज्ञा मानली जाते, पण केवळ त्या कारणावरून कोणाला मंडळीतून काढत नाहीत. काढण्याची कारणे वेगळी आहेत, आणि लग्नाआधीचे शरीरसंबंध हे त्यांपैकी एक आहे. काढलेल्या माणसाला सभेला येण्याचे आमंत्रण देण्याची आणि तो सभेला आला तर साधा नमस्कार करण्याची मोकळीक त्यांनी २०२४ साली दिली. त्याच्याबरोबर बसणे-उठणे आजही वर्ज्य आहे. याच्या उलट टोकाला एक्सक्लुझिव्ह ब्रेदरन नावाचा गट आहे. त्यांच्यात १९६०च्या दशकात असा नियम कडक झाला की जो सहभागितेत, म्हणजे गटात, नाही त्याच्याबरोबर जेवायचेच नाही. तिथे आपल्यासारखी शेजारीण तर सोडाच, एकाच घरातल्या माणसांचीही ताटे वेगळी झाली.

तेव्हा पहिली चौकशी ही करावी: त्या गटात केवळ बाहेर लग्न केल्याने मुलीला काढतील, की तिच्याविषयी नापसंती दाखवून तिला मंडळीत राहू देतील? या दोहोंत फार मोठे अंतर आहे, आणि मैत्रिणीच्या 'पूर्वीसारखे' या शब्दाचा अर्थ त्यावरच ठरेल.

दिघा_नाका

मी अशाच एका गटात जन्मलो, कळव्यात वाढलो आणि २४व्या वर्षी बाहेर पडलो. गटाचे नाव मीही लिहीत नाही, कारण माझी आई अजून त्यात आहे आणि तिची श्रद्धा खरी आहे.

बाहेरच्यांना वाटते की तिथे कोणी काठी घेऊन उभा असतो आणि अमक्याशी बोलू नकोस असे बजावतो. तसे माझ्या लहानपणी एकदाही घडले नाही. आठवड्यात दोन सभा असत, त्यांची तयारी असे, शनिवारी सकाळी प्रचाराला जायचे असे आणि एका संध्याकाळी घरचा अभ्यास असे. शाळेतल्या मुलांबरोबर खारेगावच्या मैदानावर खेळायला जायला वेळच उरत नसे. वाढदिवसाला जायचे नाही, सणाला जायचे नाही, सहलीला विचार करून जायचे. मग मैत्री कुठे होणार? मनाई करण्याची गरज पडत नाही, कारण दिवसच तसा आखलेला असतो. कुसंगतीने चांगल्या सवयी बिघडतात हे वचन मला बाराखडीबरोबर पाठ झाले होते. वर्गातला जो मुलगा मला आपल्या डब्यातली पुरणपोळी अर्धी काढून देत असे, तो कुसंगत आहे हे मला मनातून कधी पटले नाही, आणि पटत नाही याचीच मला रात्री भीती वाटत असे.

बाहेरच्या माणसासाठी आमच्या मनात दोनच जागा होत्या. एक तर तो शिकवण्याजोगा होता, नाही तर धोक्याचा होता. नुसता मित्र, ज्याच्याकडून काही मिळवायचे नाही आणि ज्याला कुठे न्यायचे नाही, ही जागाच नव्हती. आपल्या मैत्रिणीने ती जागा सहा वर्षे आपल्यासाठी राखली आहे. बाहेरून ते सहज दिसत असेल, पण आतून त्याची किंमत मोजावी लागते; मंडळीत तिला कोणी ना कोणी विचारत असणारच. हे आपण ध्यानात ठेवावे.

मी बाहेर पडलो तेव्हा आईने माझ्याशी बोलणे पूर्ण थांबवले नाही. वडिलांना मधुमेह होता. त्यांच्या औषधांविषयी आणि तपासण्यांविषयी ती फोन करत असे, कारण घरच्या आवश्यक कामापुरते बोलणे चालत असे. सुरुवातीला ते फोन अर्ध्या मिनिटाचे असत. मग तिच्या लक्षात आले की इन्सुलिनविषयी पुष्कळ बोलता येते. डोस किती, सुई कोणती, कळव्याच्या दुकानात मिळत नसेल तर नौपाड्यात मिळेल का, तू जेवलास का, वेळेवर न जेवल्याने तुलाही हा आजार होईल. नऊ वर्षे आम्ही मायलेक औषधांच्या आडून बोलत राहिलो. वडील गेल्यावर ते कारण संपले. आता ती मला माझ्या सोसायटीच्या पाण्याच्या वेळा विचारते.

यावरून मी दोन गोष्टी सुचवीन. नियम 'नाही' म्हणत असला तरी आई बोलण्याला कारण शोधत असते, म्हणून आपण तिला कारणे पुरवत राहावीत. आणि मुलीने लग्न करणे व मुलीने श्रद्धा सोडणे या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नयेत. तिची श्रद्धा असेल तर लग्नानंतरही तिला सभेला जाऊ द्यावे, मुलाने तिला स्थानकापर्यंत सोडायला जावे. लग्नाआधी तिने आपल्या घरी येऊन राहावे असा उत्साह कोणी दाखवला तर तो थांबवावा. वर मंडळीतून काढण्याचे जे कारण सांगितले आहे, ते कारण आपल्या घरातून तयार होता कामा नये.

पाचपाखाडी

दिघा_नाका यांचे लिखाण वाचून बराच वेळ काही लिहवले नाही.

मला एवढेच जोडायचे आहे की 'पंक्तीला बसू नका' हा नियम आपल्यालाही नवा नाही. रोटी-बेटी व्यवहार हा शब्दच आपण घडवलेला आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. नावे वृत्तपत्रात छापली गेली आणि ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा घेतल्याबद्दल मोठे ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचे प्रकरण, झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, घराघरांत भांडणे झाली, आणि शेवटी रानड्यांसारख्या सुधारकालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. पाच वर्षांनी, १८९५ साली, कवी ना. वा. टिळकांनी (हे लोकमान्य नव्हेत) बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या, पण गेल्याबरोबर ख्रिस्ती झाल्या नाहीत. आधी सोवळे आपोआप सुटत गेले, मग श्रद्धा आली. टिळकांनी त्यांना घाई केली नाही. करावेकर, आपल्या मुलाला ही हकिगत जरूर सांगावी.

आणखी एक गोष्ट ठाणेकर म्हणून. आमच्या ठाण्यात बेने इस्राएलांचे, म्हणजे मराठी ज्यूंचे, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) १८७९ सालापासून उभे आहे. कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत, ती ही मंडळी, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. खाण्याचे नियम त्यांनी पाळले, शब्बाथ पाळला, लग्ने आपसांत केली, आणि तरीही शेकडो वर्षे मराठी बोलत शेजार केला. नियम कडक असला म्हणजे शेजार तुटतोच असे नाही. पण लग्नाच्या बाबतीत तेही आपसांतच राहिले, हे लपवण्यात अर्थ नाही.

घणसोलीचा_एक_भाऊ

मी अशा प्रकारच्या एका मंडळीत आजही आहे आणि स्वेच्छेने आहे. वरचे लिखाण संयमाने झाले आहे, त्यामुळे मलाही मोकळेपणाने लिहिता येत आहे.

आम्ही बाहेरच्या माणसांचा द्वेष करत नाही. माझ्या मंडळीतले निम्मे लोक दारू, जुगार किंवा घरातली मारहाण यांतून बाहेर आलेले आहेत. अशा माणसाला सांभाळणारी संगत लागते, आणि जुन्या अड्ड्यावर रोज बसून कोणी सुधारल्याचे मी पाहिलेले नाही. संगतीच्या नियमाला आमच्याकडे हा अनुभव चिकटलेला आहे. दिघा_नाका यांच्यासारख्या शाळकरी मुलाला तोच नियम त्याच मापाने लावला जातो, आणि तिथे तो जड होतो, हे मात्र मी कबूल करतो. माझ्या स्वतःच्या मुलांच्या बाबतीत मी शाळेतल्या मैत्रीला अडवत नाही, आणि याबद्दल मला प्रश्न विचारले गेलेले आहेत.

लग्नाविषयी आमची काळजी समजून घ्यावी. आमच्याकडे नवरा-बायको एकत्र प्रार्थना करतात, मुलांना एकत्र शिकवतात, पैसा आणि वेळ कशावर खर्च करायचा हे श्रद्धेवरून ठरवतात. घराचा कणाच ती आहे. ती अर्ध्या घरात असली तर पहिले मूल झाल्यावर भांडण होते: बारसे करायचे की नाही, कुलदैवताला न्यायचे की नाही, रक्षा लावायची की नाही. असे संसार मी मोडताना पाहिले आहेत. आमच्या मंडळीत अशा लग्नाबद्दल कोणाला काढत नाहीत, पण विधी सभागृहात होत नाही, वडीलजन उपदेश देत नाहीत, आणि बरेच लोक लग्नाला येत नाहीत. आईला ते रिकाम्या खुर्च्यांचे लग्न डोळ्यांपुढे दिसत असेल.

तिला कृपा करून असे विचारू नका की हा कसला धर्म. तिला आपल्या मुलीच्या तारणाची चिंता आहे, आणि ती चिंता तिच्यासाठी आपल्या ऑपरेशनइतकीच खरी आहे. त्यापेक्षा तिला विचारा की नातवंडांच्या बाबतीत तिला कशाची भीती वाटते. आणि त्याचे उत्तर दोन्ही मुलांना आत्ताच, लग्नाआधी, एकमेकांना देऊ द्या.

वाशीतली_वकील

कायद्यापुरते लिहिते.

हे लग्न १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली, कोणीही धर्म न बदलता, होऊ शकते. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असेल, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात लावली जाते, ३० दिवस हरकतींसाठी असतात, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न न झाल्यास नवी नोटीस द्यावी लागते. श्रद्धा वेगळी आहे किंवा मंडळीची संमती नाही, ही कायदेशीर हरकत ठरत नाही. एक परिणाम मात्र लोकांना उशिरा कळतो, म्हणून सांगते: हिंदू व्यक्तीने या कायद्याखाली ख्रिस्ती व्यक्तीशी लग्न केले तर ती एकत्र हिंदू कुटुंबातून विभक्त झाल्याचे मानले जाते, आणि पुढचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे चालतो. गावाकडे सामाईक जमीन असेल तर आधी सल्ला घ्यावा.

बहिष्काराविषयी. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तो मुख्यतः जातपंचायतींच्या अनुभवातून आला. त्याआधी १९४९ साली मुंबई प्रांताने धार्मिक बहिष्कारावर बंदी घातली होती. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी तिला आव्हान दिले, आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने तो कायदा रद्द केला. धर्माच्या कारणावरून सदस्याला काढणे हा संप्रदायाच्या स्वतःच्या कारभाराचा भाग आहे, असे त्यात म्हटले होते. तो प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवण्यात आला.

कोणी पाणी तोडले, दुकान बंद पाडले, धमकावले, तर तक्रार जरूर करावी. पण आईने मुलीच्या घरी जेवायला यावे, असा आदेश कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. या प्रकरणात मी पोलीस ठाण्याचे नावही काढणार नाही.

करावेकर (नेरूळ)

सर्वांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांनी लिहीत आहे.

खोपटचा_वाचक यांनी सांगितल्याप्रमाणे आधी चौकशी केली. मुलीला काढणार नाहीत, पण काही काळ तिला सभेत उत्तरे देता येणार नाहीत, प्रचारात जबाबदारी मिळणार नाही, आणि मंडळीतल्या बायका तिच्याशी जपून वागतील. तिने ते सर्व ऐकून घेतले आहे. तिला सभा सोडायची नाही, लग्नही सोडायचे नाही. मुलाने तिला रविवारी जुईनगरपर्यंत सोडायचे कबूल केले, आणि आपण आत येऊन बसावे अशी तिची अपेक्षा आहे का, हेही विचारून घेतले. ती नाही म्हणाली.

नातवंडांचा प्रश्न मी मैत्रिणीला विचारला. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली की तिला अंगारा-धुपाऱ्याची भीती नाही, तिला भीती आहे ती मूल मोठे झाल्यावर आजीला 'तू वेडी आहेस' असे म्हणेल याची. मी तिला सांगितले की माझ्या घरात तिला असे कोणी म्हणणार नाही. बारशाचे काय करायचे हे मुलांचे अजून ठरलेले नाही. त्यावर त्यांचे एकदा जोरात भांडणही झाले. सत्यनारायणाची पूजा नवी सून आली म्हणून घालायची नाही, हे मी सासूबाईंना सांगितले, आणि ते सांगणे सर्वांत अवघड गेले. गावाकडच्या जमिनीविषयी दिरांशी बोलणे चालू आहे.

नोटीस दिली आहे. काल मैत्रीण नेहमीप्रमाणे चहाला आली होती. निघताना तिने नोंदणीची तारीख विचारली. समारंभाला तिला येता येणार नाही. पण कार्यालयाबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभे राहता येईल का, आणि मुलीने कोणत्या रंगाची साडी घेतली आहे, एवढे तिने विचारले. मी तिला सांगितले की साडी घ्यायची राहिली आहे, आणि शनिवारी वाशीला जायचे आहे. येतेस का, असे विचारले. शनिवारी सकाळी तिचा प्रचार असतो. दुपारी दोननंतर येते म्हणाली.